पदांची ओळख : शब्द एक, अर्थ किती?

दरवर्षी उन्हाळा सरला की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वस्त्यांमधून एकच धावपळ सुरू होते. दहावीचा निकाल लागलेला असतो. लातूरच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून मुले-मुली गावोगावाहून निघतात, आणि त्यांच्या हातात अर्जांची चळत असते. अशाच एका जूनमध्ये आमच्या अभ्यासवर्गातील एक विद्यार्थी उतरल्या चेहऱ्याने आला. त्याने अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले होते, जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहिले होते, आणि प्रवर्गाच्या रकान्यात 'अनुसूचित जाती' लिहिले होते. अर्ज परत आला. त्याने आम्हांला विचारले, "सर, मी तिन्ही ठिकाणी खरेच लिहिले. मग चूक कुठे झाली?"

त्या मुलाच्या लिहिण्यात खोटेपणा मुळीच नव्हता. चूक होती ती शब्द आणि पद यांतील फरक न ओळखण्याची. हा फरक तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवितात. पुष्कळ विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा धडा आपल्याच जीवनातील उदाहरणे घेऊन पुन्हा मांडावा, असे आम्हांस वाटले.

१. पद म्हणजे काय?

कोणत्याही साध्या विधानाचे तीन भाग पडतात. ज्याच्याविषयी आपण काही सांगतो ते उद्देश्य, जे सांगतो ते विधेय, आणि या दोहोंना जोडणारा संयोजक. 'नांदेड हे गोदावरीकाठचे शहर आहे' या विधानात 'नांदेड' हे उद्देश्य, 'गोदावरीकाठचे शहर' हे विधेय आणि 'आहे' हा संयोजक होय. उद्देश्य किंवा विधेय म्हणून जो शब्द वा शब्दसमूह उभा राहू शकतो, त्यास पद म्हणतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, प्रत्येक शब्द हा पद नसतो. 'आणि', 'परंतु', 'साठी' हे शब्द एकटे उद्देश्य होऊ शकत नाहीत. दुसरी, एक पद अनेक शब्दांचे असू शकते. 'गोदावरीकाठचे शहर' हे दोन शब्द मिळून एकच पद झाले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला, तर तर्कशास्त्राच्या दृष्टीने ती निरनिराळी पदे होतात. शब्दाची ओळख कानाला पटते, पदाची ओळख अर्थावरून पटते. आमच्या विद्यार्थ्याच्या अर्जाचे मूळ येथेच आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

२. एकवाची, सामान्यवाची व समूहवाची पदे

जे पद एका अर्थाने एकाच व्यक्तीस वा वस्तूस लागू पडते, ते एकवाची पद. 'मांजरा नदी', 'लातूर जिल्हा', 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' ही एकवाची पदे होत. जे पद एकाच अर्थाने अनेकांना, प्रत्येकास वेगवेगळे लागू पडते, ते सामान्यवाची. 'नदी', 'जिल्हा', 'विद्यार्थी', 'भिक्खू' ही अशी पदे आहेत.

एकवाची पदांत विशेषनामे येतात. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात असे मत मांडले की, विशेषनाम ही केवळ एक खूण असते. ते वस्तू दाखविते, तिचा कोणताही गुण सांगत नाही. हे मत शिकताना मराठवाड्यातील विद्यार्थी थबकतो, आणि ते योग्यच आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्याच वर्षी मारले गेले. १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले.

नाव ही केवळ खूण असती, तर तिच्यासाठी सोळा वर्षे लढा का चालला? मिलचे म्हणणे शब्दाच्या अर्थापुरते बरोबर आहे. 'आंबेडकर' या नावाच्या अर्थात ज्ञान किंवा समता हे गुण व्याकरणाने सामावलेले नाहीत. परंतु नाव ज्या व्यक्तीकडे बोट दाखविते, तिच्या कार्याची आठवण त्या नावासोबत येते. ही आठवण कोणास हवी होती आणि कोणास नको होती, यावर तो झगडा होता. पदाचा अर्थ आणि पदाशी जडलेली आठवण या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी वेगळ्या ठेवाव्यात. दोन्ही खऱ्या आहेत.

आता समूहवाची पद पाहू. अनेक घटक मिळून झालेल्या समुदायास एक मानून जे पद लागते, ते समूहवाची. 'भिक्खू' हे सामान्यवाची, पण 'संघ' हे समूहवाची आहे. एकटा भिक्खू हा संघ नव्हे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भदंत नागसेन मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देतात. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की हे सर्व भाग जुळल्यावर त्यास 'रथ' हे नाव व्यवहारात पडते. नागसेनांना त्यातून अनात्मवाद सांगावयाचा होता. परंतु समुदायाचे नाव त्याच्या एकेका घटकास लागत नाही, हा तर्कशास्त्राचा पाठही त्यात आहे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयास पुढे याच मिलिंदाचे नाव मिळाले, आणि त्याच्या परिसरास नागसेनवन म्हणतात.

समूहवाची पद ओळखले नाही तर काय होते? 'वस्तीने विहार बांधला' हे विधान खरे असेल. यावरून 'वस्तीतील प्रत्येक घराने वर्गणी दिली' असे निघत नाही. हा दोष येथे निरुपद्रवी वाटतो. परंतु 'बौद्ध समाज शिकला, पुढे गेला' असे म्हणून कोणी एखाद्या सालगड्याच्या मुलास 'आता तुला शिष्यवृत्ती कशास हवी?' असे विचारतो, तेव्हा तोच दोष अंगावर येतो. 'समाज' हे समूहवाची पद आहे. समूहाविषयी खरे असलेले प्रत्येक घरास लागू करणे हा तर्कदोष होय. याच्या उलट, आपल्यातील दोन-चार अधिकाऱ्यांकडे पाहून सारा समाज सुखी झाला असे आपणच म्हणू लागलो, तर दोष आपल्याकडे येतो.

३. भाववाची, अभाववाची व सापेक्ष पदे

गुणाचे अस्तित्व सांगणारे ते भाववाची पद, जसे 'साक्षर'. गुणाचा अभाव सांगणारे ते अभाववाची, जसे 'अचेतन'. ज्या ठिकाणी गुण असावयास हवा होता त्या ठिकाणी तो नाही असे सांगणारे पद वैकल्यवाची, जसे 'आंधळा'. दगडास आपण आंधळा म्हणत नाही, कारण दगडाला दृष्टी असणे अपेक्षितच नसते. 'निरक्षर' हे पदही असेच आहे. दगड निरक्षर नसतो, माणूस असतो, आणि त्याचा अर्थ त्याला अक्षर मिळावयास हवे होते असा होतो.

येथे एक सावधानता हवी. शब्दाचे रूप पाहून पदाचा प्रकार ठरवू नये. 'अस्पृश्य' या शब्दास 'अ' हा उपसर्ग आहे, म्हणून तो नुसता अभाव सांगतो असे वाटेल. परंतु अस्पृश्यता हा कोणा माणसातील गुणाचा अभाव नव्हता. पाणवठा वेगळा, वाट वेगळी, वस्ती गावाबाहेर, अशी दुसऱ्यांनी लादलेली ती एक पुरती व्यवस्था होती. शब्दाने उणीव दाखविली ती सोसणाऱ्याची, कृती मात्र लादणाऱ्याची होती. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने नष्ट केली ती ही प्रथा.

परस्परविरुद्ध पदांतही दोन प्रकार आहेत. 'बौद्ध' आणि 'अबौद्ध' ही व्याघाती पदे होत. कोणीही माणूस या दोहोंपैकी एकात येतोच. 'बौद्ध' आणि 'हिंदू' ही धर्मवाचक अर्थाने विरोधी पदे होत. एक माणूस एकाच वेळी दोन्ही नसेल, परंतु तो तिसराही असू शकतो. 'अमुक हिंदू नाही, म्हणून तो बौद्ध' हे अनुमान यामुळेच चुकते. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी तर शब्दाचा सगळा अर्थच निषेधातून लावला. 'गाय' हा शब्द गायीखेरीज इतर सर्व वस्तू बाजूस सारतो, आणि तेच त्याचे काम, असा त्यांच्या अपोहवादाचा आशय आहे. पद कशास लागते याइतकेच ते कोणास वगळते हे पाहण्याची सवय त्यातून लागते.

ज्या पदाचा अर्थ दुसऱ्या पदावाचून पुरा होत नाही ते सापेक्ष पद. 'आई', 'शिष्य', 'सावकार' ही सापेक्ष पदे आहेत. मराठवाड्यात 'सालगडी' म्हटले की मालक आलाच. मालकाशिवाय सालगडी नाही. 'वरची जात' व 'खालची जात' हीही सापेक्ष पदेच आहेत. कोणीही माणूस निरपेक्षपणे 'खालचा' नसतो. कोणीतरी स्वतःस वरचा म्हणवून घेतो, तेव्हाच दुसऱ्यास खालचा हे पद चिकटते.

४. वस्त्वर्थ आणि गुणार्थ

सामान्यवाची पदाचे दोन अंगांनी अर्थ असतात. ते पद ज्या ज्या वस्तूंना लागते, त्या सर्व वस्तू मिळून त्याचा वस्त्वर्थ. ज्या गुणांमुळे ते लागते, ते गुण म्हणजे त्याचा गुणार्थ. 'विद्यार्थी' या पदाचा वस्त्वर्थ म्हणजे सगळे विद्यार्थी, आणि गुणार्थ म्हणजे शिक्षण घेत असणे. त्यात 'लातूरचा' हा गुण वाढविला की संख्या घटते. 'लातूरचा वसतिगृहात राहणारा विद्यार्थी' म्हटले की आणखी घटते. गुणार्थ वाढला की वस्त्वर्थ आकसतो आणि गुणार्थ कमी केला की वस्त्वर्थ वाढतो, असा हा नियम आहे.

हा नियम आपल्या समाजाने पुस्तकाबाहेर अनुभवला आहे. 'अनुसूचित जाती' हे पद संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदाखाली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशातील यादीवरून ठरते. हा आदेश १९५० साली निघाला. परंतु त्यात यादीबरोबर एक अटही होती. हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी ती अट. म्हणजे पदाच्या गुणार्थात दोन गोष्टी होत्या : यादीतील जात आणि विशिष्ट धर्म. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे लाखोंनी बाबासाहेबांसमवेत धम्मदीक्षा घेतली. त्यांची वस्ती, मजुरी, गावातील वागणूक यांत एका रात्रीत बदल झाला नव्हता. परंतु पदाच्या गुणार्थातील धर्माची अट सुटली, म्हणून केंद्राच्या लेखी ते पदाच्या बाहेर पडले. महाराष्ट्र शासनाने 'नवबौद्ध' असा प्रवर्ग मानून राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या सवलतींसाठी १९९० उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द घातला. अट सैल झाली आणि वस्त्वर्थ वाढला. एका पदाच्या गुणार्थातील एका शब्दासाठी ३४ वर्षे गेली.

५. आपल्या विद्यार्थ्याचा अर्ज

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. 'बौद्ध' आणि 'अनुसूचित जाती' ही दोन पदे आहेत, आणि त्यांचा वस्त्वर्थ एक नाही. २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहावेत. भारतात बौद्धांची संख्या ८४,४२,९७२ नोंदली गेली. त्यांपैकी ६५,३१,२०० एकट्या महाराष्ट्रात होते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची संख्या १,३२,७५,८९८ होती. आणि जे बौद्धही आहेत व अनुसूचित जातीतही नोंदले गेले, असे सुमारे ५२ लाख होते.

दोन वर्तुळे एकमेकांत अडकलेली मनाशी काढावीत. मधल्या समाईक भागात सुमारे ५२ लाख माणसे. एका बाजूस अनुसूचित जातीचे, परंतु बौद्ध म्हणून न नोंदलेले सुमारे ८० लाख. दुसऱ्या बाजूस बौद्ध म्हणून नोंदलेले, परंतु अनुसूचित जातीत न मोजलेले सुमारे १३ लाख. 'सर्व बौद्ध अनुसूचित जातीचे आहेत' हे विधान म्हणून चूक. 'अनुसूचित जातीचे सर्व लोक बौद्ध आहेत' हेही चूक. खरे विधान 'काही' या शब्दानेच सुरू होते. या १३ लाखांत इतर समाजांतून धम्माकडे आलेलेही असतील. आमच्या विद्यार्थ्याप्रमाणे जातीच्या रकान्यातही धर्माचेच नाव सांगणारी घरेही असतील.

यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही, कारण बौद्ध हे धर्माचे नाव आहे. जातीचा रकाना यादीतील नाव विचारतो, धर्माचा रकाना आजची श्रद्धा विचारतो. विद्यार्थ्याने एका रकान्याचे उत्तर दुसऱ्यात लिहिले. शब्द खरा, पण पद त्या जागेचे नव्हते.

यावर त्या विद्यार्थ्याने जे विचारले, ते अनेकांच्या मनात असेल. "आपण जात सोडली. मग पुन्हा तीच लिहावयाची, म्हणजे दीक्षा खोटी ठरत नाही काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आमचे उत्तर असे. अर्जातील तो रकाना 'तू स्वभावतः कोण आहेस?' असे विचारीत नाही. 'ज्या समाजावर शतकानुशतके अन्याय झाला म्हणून राज्यसंस्थेने ज्यांची यादी केली, त्या यादीत तुझे घराणे कोणत्या नावाखाली येते?' इतकेच तो विचारतो. हे इतिहासाविषयीचे विधान आहे. डागाची नोंद करणे म्हणजे डाग मान्य करणे नव्हे. २०२७ च्या जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचे केंद्र शासनाने २०२५ साली ठरविले, तेव्हा हा फरक घरोघरी समजावून सांगण्याची गरज अधिकच वाढली.

६. एक शब्द, दोन पदे : चतुष्पदी दोष

योग्य अनुमानात तीनच पदे असावी लागतात. मधले पद दोन अर्थांनी वापरले की ती चार होतात आणि अनुमान कोसळते. यास चतुष्पदी दोष म्हणतात. एक उदाहरण आपणांस वारंवार ऐकावयास मिळते :

सर्व हिंदू हिंदू धर्म मानणारे आहेत.
संविधानाप्रमाणे बौद्ध हे हिंदू आहेत.
म्हणून बौद्ध हे हिंदू धर्म मानणारे आहेत.

पंचविसाव्या अनुच्छेदाच्या एका स्पष्टीकरणात शीख, जैन व बौद्ध यांचा 'हिंदू' या उल्लेखात समावेश समजावा असे म्हटले आहे, हे खरे. परंतु तो समावेश समाजसुधारणा व सार्वजनिक धर्मस्थळे सर्वांना खुली करणे यासंबंधीच्या एका उपखंडापुरताच आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही बौद्धांना लागू होतो. आणि तोच कायदा सांगतो की, धर्माने हिंदू नसूनही ज्यांना हा कायदा लागू आहे, त्यांचा समावेश या कायद्यापुरता 'हिंदू' या शब्दात मानावा. म्हणजे कायद्याने स्वतःच दोन पदे वेगळी केली आहेत : धर्माने हिंदू, आणि कायदा लागू होण्यापुरता हिंदू. वरील अनुमानात पहिल्या ओळीतील 'हिंदू' हे एक पद, दुसऱ्या ओळीतील 'हिंदू' हे दुसरे. शब्द एक आहे म्हणून निष्कर्ष निघत नाही. अशा वेळी आवाज चढविण्याची गरज नसते. 'हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरता?' एवढे विचारणे पुरते.

७. 'जाति' हे पद कशाचे?

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. तर्कशास्त्रात व्यापक वर्गास 'जाति' आणि त्यातील लहान वर्गास 'उपजाति' म्हणतात. 'प्राणी' ही जाति, 'मनुष्य' ही उपजाति. येथे जाति म्हणजे अंगच्या लक्षणांवरून ठरणारा वर्ग. समाजात 'जात' हा शब्द जन्मावरून लादलेल्या गटास लावतात. उच्चार जवळजवळ एकच. दोन पदांची सरमिसळ झाली, आणि लादलेला गट निसर्गाचा वर्ग आहे असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी हीच सरमिसळ सोडवून दाखविली आहे. गवत व वृक्ष, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जन्मतः वेगवेगळी चिन्हे आढळतात. माणसा-माणसांत, डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखांपर्यंत, अशी वेगळी चिन्हे नाहीत. शेतकरी, कारागीर, व्यापारी ही नावे माणसास कर्मावरून मिळतात, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, माणसांना लावलेल्या जातीच्या नावास निसर्गातला गुणार्थच नाही. त्या नावाखाली माणसे मोजता येतात, परंतु त्यांना वेगळे करणारा गुण दाखविता येत नाही. यादीतील नाव लिहूनही जात न मानणे शक्य आहे, ते याच कारणाने.

थोडक्यात, कोणतेही महत्त्वाचे विधान समोर आले की विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. हे पद एकाचे, अनेकांतील प्रत्येकाचे, की समूहाचे? ते कोणास वगळते? कोणत्या गुणांवर ते उभे आहे? आणि पुढच्या ओळीत तेच पद आहे, की केवळ तोच शब्द? सरावासाठी 'मांजरा', 'संघ', 'सालगडी', 'निरक्षर', 'विद्यार्थी' ही पाच पदे घ्यावीत आणि प्रत्येकाचा प्रकार घरी ठरवावा. पहिल्या चारांची उत्तरे या लेखातच आली आहेत. पाचव्यास एकाहून अधिक प्रकार लागू पडतात, ते शोधून काढावेत.

आमच्या त्या विद्यार्थ्याने अर्ज दुरुस्त करून दिला. धर्माच्या रकान्यातील 'बौद्ध' हा शब्द मात्र त्याने पहिल्यापेक्षा ठळक अक्षरात लिहिला. तो शब्द आपल्या जागी होता.